रिकाम्या डब्यांची सजावट: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

दिवाळीचा फराळ संपला आणि भेटीदाखल आलेली मिठाई वाटून झाली, की घरोघरी पत्र्याचे, काचेचे आणि प्लॅस्टिकचे रिकामे डबे उरतात. ते टाकवतही नाहीत आणि कंपनीच्या छापील चित्रांसह फळीवर मांडवतही नाहीत. असे डबे सजवून घरात वापरण्याविषयी आलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न: बिस्किटांच्या गोल पत्र्याच्या डब्याला मी ऑइल पेंट दिला. सुरुवातीला डबा सुरेख दिसत होता, परंतु महिन्याभरात रंगाचे पोपडे निघू लागले आणि झाकण तर इतके घट्ट झाले, की ते उघडायला चमच्याची दांडी लागते. माझे काय चुकले?
— एक वाचक, सांगली

उत्तर: अशा डब्याचा पत्रा म्हणजे पोलादाचा पातळ पत्रा असून त्यावर कथलाचा अतिशय पातळ मुलामा असतो, त्यावर कारखान्यात छापलेले चित्र आणि सर्वांत वर चमकदार लॅकर असते. या गुळगुळीत थरावर थेट दिलेला रंग नुसता टेकतो, धरत नाही, आणि कोठे टोचा बसला की तेथून सालीसारखा सुटू लागतो. म्हणून डबा प्रथम गरम पाण्याने व भांड्यांच्या साबणाने धुऊन तुपाचा किंवा लोण्याचा अंश पूर्ण काढावा, तो कोरडा करावा आणि 320 नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासावा. चकाकी जाऊन पृष्ठभाग मंद दिसू लागला, की थांबावे. काहीजण उत्साहाने चित्र पार नाहीसे होऊन खालचा धातू दिसेपर्यंत घासतात. त्यात कथलाचा मुलामाही निघून जातो आणि उघड्या पडलेल्या पोलादाला पहिल्याच पावसाळ्यात गंज धरतो.

यानंतर धातूसाठीच्या प्रायमरचा, म्हणजे रंग नीट धरावा म्हणून आधी देतात त्या अस्तराचा, एक पातळ हात द्यावा आणि एक दिवस वाळू द्यावा. तळाच्या कडेला, जेथे पत्रा दुमडून सांधलेला असतो, तेथे प्रायमर द्यायला विसरू नये, कारण ओल्या ओट्यावर ठेवलेला डबा नेहमी तेथूनच गंजू लागतो. रंगाचे दोन पातळ हात एका जाड हातापेक्षा चांगले बसतात. झाकणाच्या तक्रारीवर उपाय सोपा आहे: रंगकामाआधी झाकण लावून त्याच्या खालच्या कडेने डब्यावर पेन्सिलने रेघ मारावी आणि त्या रेघेच्या वर रंग, कागद, कापड यांपैकी काहीही चढवू नये. झाकणाची आतली बाजूही कोरी ठेवावी. आपल्या डब्याच्या गळ्यावरील रंग खरवडून काढला, तर झाकण पूर्ववत बसेल.

हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळणारा रेड ऑक्साइड प्रायमर गडद तांबूस असतो, त्यामुळे त्यावर फिकट रंगाचे बरेच हात द्यावे लागतात. मात्र आपल्याला वारली शैलीतील चित्र काढायचे असेल, तर हीच अडचण सोय ठरते, कारण गेरूने सारवलेल्या भिंतीसारखी पार्श्वभूमी आयती तयार मिळते. भिंतीवर ही चित्रे तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने काढतात. पत्र्यावर ते पीठ टिकणार नाही, म्हणून पांढरा ॲक्रिलिक रंग आणि बारीक कुंचला घ्यावा व वाळल्यावर वरून पारदर्शक वॉर्निश द्यावे. गोल झाकणावर तारपा या फुंकून वाजवण्याच्या वाद्यावरील नृत्याची वळत जाणारी साखळी फार शोभते: मध्यभागी तारपा वाजवणारा काढावा आणि त्याच्याभोवती हातात हात गुंफलेली माणसे, शिखराशी शिखर जोडलेल्या दोन त्रिकोणांच्या देहांची, फिरवत न्यावीत. लग्नप्रसंगी सवासिनी काढतात तो देवचौक मात्र खाऊच्या डब्यावर काढू नये, असे माझे मत आहे. तो विधीचा भाग आहे, नक्षी नव्हे.

प्रश्न: कॉफीच्या आणि जॅमच्या काचेच्या बरण्यांवरील लेबल निघते, पण खाली चिकट राहतेच. लोणच्याच्या बरणीचा वासही जात नाही. या बरण्यांवर रंगकाम करता येईल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर: बरणीत सोसवेल इतके गरम पाणी भरून दहा-पंधरा मिनिटे ठेवावे, आतल्या उष्णतेने बाहेरचा गोंद सैल होतो आणि लेबल एका कोपऱ्यापासून सावकाश ओढले, तर बहुतेक वेळा अखंड निघते. उकळते पाणी मात्र थंड बरणीत एकदम ओतू नये, काच तडकते. उरलेल्या चिकट भागावर खोबरेल तेल आणि खाण्याचा सोडा समप्रमाणात कालवून लावावा, अर्ध्या तासाने घासणीने चोळावे आणि साबणाने धुवावे. एवढ्यानेही न निघालेला गोंद नेलपॉलिश रिमूव्हरने निघतो, परंतु तो फक्त काचेवर वापरावा, कारण त्यातील ॲसिटोनमुळे काही प्लॅस्टिक पांढुरके पडते, तर काही विरघळते.

वासाचे मूळ काचेत नसते; ते झाकणाच्या आतील मऊ गोल पट्टीत असते. लोणच्याचे तेल आणि हिंग-मोहरीचा वास ही पट्टी शोषून घेते. सोड्याच्या पाण्यात रात्रभर भिजवून दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवल्यावरही वास राहिला, तर ते झाकण सोडून द्यावे आणि बरणीचा उपयोग पेन, कुंचले किंवा लाकडी चमचे उभे ठेवण्यासाठी करावा.

रंगकामाविषयी सांगायचे, तर साधा ॲक्रिलिक रंग काचेवर दिसतो छान, पण वारंवार धुण्याने सुटतो. नित्य वापराच्या बरणीला रंगवण्यापेक्षा तिच्या गळ्याला सुतळीचे आठ-दहा वेढे द्यावेत आणि झाकण तेवढे रंगवावे. सुतळी गुंडाळताना वेढ्यांमध्ये फट राहू नये म्हणून प्रत्येक वेढा नखाने खालच्या वेढ्यावर दाबत जावा आणि दोन्ही टोके बरणीच्या एकाच बाजूला संपवावीत, म्हणजे ती बाजू भिंतीकडे वळवता येते. डाळी, साबुदाणा, शेंगदाणे काचेतून दिसतात हीच खरी शोभा असल्यामुळे त्या बरण्या झाकू नयेत. हळद, तिखट यांचे उलट आहे: उजेडाने त्यांचा रंग उडतो, त्यामुळे त्यांच्या बरणीला चहूबाजूंनी कापडाचे किंवा कागदाचे वेष्टण असणे फायद्याचेच ठरते.

प्रश्न: आईच्या जुन्या खणाच्या चोळीचे कापड आणि इरकल साडीचे काठ जपून ठेवले आहेत. ते तुपाच्या डब्यांवर चिकटवायचे आहेत. एका डब्यावर प्रयत्न केला, तर कापडावर गोंदाचे डाग उमटले. आम्ही कोकणात राहतो, त्यामुळे बुरशीचीही भीती वाटते.
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: डाग पडले, कारण गोंद कापडाला लावला गेला असावा. पांढरा गोंद पाणी न घालता पत्र्यावर लावावा, सपाट कुंचल्याने पातळ पसरावा, बोटाला किंचित ओढ जाणवेपर्यंत थांबावे आणि मग कापड मध्यापासून कडांकडे तळव्याने दाबत बसवावे. गोंदातील पाण्याने जुन्या खणाचा लाल किंवा हिरवा रंग फुटू शकतो, म्हणून आधी एका लहान तुकड्यावर ओले पांढरे कापड दाबून पाहावे. रंग लागला, तर गोंद टाळावा आणि डब्याच्या मापाची, पाठीमागे बंद किंवा टिचबटण असलेली काढता येणारी खोळ शिवावी. आपल्या हवेत मला खोळच अधिक पसंत आहे: जुलै-ऑगस्टमध्ये ती काढून ठेवता येते, धुता येते, आणि पुढे डबा गंजला तरी आईची आठवण असलेले कापड वाया जात नाही. काठ मात्र डब्याच्या खालच्या बाजूला घ्यावा. वरच्या बाजूला घेतला, तर झाकणाखाली त्याची नक्षी अर्धी झाकली जाते.

घरी केलेली कणकेची किंवा मैद्याची खळ या कामाला वापरू नये. तिला झुरळे आणि कसर लागते. पुस्तकबांधणी करणारे कारागीर कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात, परंतु ते विषारी असल्यामुळे स्वयंपाकघरातील वस्तूच्या जवळपासही नको.

प्रश्न: श्रीखंडाचे आणि आइस्क्रीमचे प्लॅस्टिकचे डबे कोणत्या रंगाने रंगवावेत?
— एक वाचक, पुणे

उत्तर: कोणत्याही नाही. हे डबे बहुधा पॉलिप्रोपिलीनचे असतात. तळाशी त्रिकोणात 5 हा आकडा असेल, तर तसे समजावे. या प्लॅस्टिकवर घरगुती रंग किंवा गोंद टिकत नाही. एकसारखे चार-सहा डबे जमवून कपाटाच्या खणात उघडे मांडले, तर सुया-दोरे, बटणे, चार्जरच्या वायरी यांसाठी उत्तम कप्पे तयार होतात, आणि तेथे ते कोणाला दिसतही नाहीत.

प्रश्न: सजवलेल्या डब्यात पुन्हा खाद्यपदार्थ ठेवणे योग्य आहे का? आमच्याकडे लाडवांच्या डब्यात तळाशी वर्तमानपत्र घालण्याची पद्धत आहे. तेलाचा 15 किलोचा डबाही वापरात आणायचा आहे.
— एक वाचक, नागपूर

उत्तर: सजावट बाहेरून केलेली असेल आणि आतला भाग कोरा, गंजविरहित असेल, तर सुका पदार्थ ठेवण्यास हरकत नाही, मात्र रंग दिलेला डबा आधी झाकण काढून आठवडाभर हवेशीर जागी ठेवावा. बिस्किटांच्या डब्याचे झाकण हवाबंद नसते, त्यामुळे त्यात रवा किंवा पीठ मोकळे ठेवले तर अळ्या-जाळ्या होतात. पाकीटबंद वस्तू ठेवाव्यात. चहाची पूड रंगाचा वास चटकन ओढून घेते, म्हणून ती नव्याने रंगवलेल्या डब्यात ठेवू नये. लोणचे, चिंच, कोकम हे आंबट-खारट पदार्थ पत्र्याच्या डब्यात कधीच ठेवू नयेत.

वर्तमानपत्राची पद्धत बंद करावी. छपाईची शाई तुपाबरोबर पदार्थात उतरते, आणि भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या 2018 च्या वेष्टनविषयक नियमांनुसार अन्न ठेवण्यासाठी वा गुंडाळण्यासाठी वर्तमानपत्र वापरण्यास मनाई आहे. त्याऐवजी बटर पेपर किंवा केळीच्या पानाचा पुसून कोरडा केलेला तुकडा घालावा. एकदा वापरलेल्या पत्र्याच्या डब्यात पुन्हा खाद्यतेल भरून विकण्यासही याच नियमांनी मनाई केली आहे. घरीही त्या डब्यात पुन्हा तेल साठवू नये. त्याची वरची बाजू पत्र्याचे काम करणाऱ्याकडून कापून व कड आत दुमडून घ्यावी, घरी कापल्यास ती कड सुरीसारखी लागते. तळाला चार भोके पाडून, प्रायमर आणि ऑइल पेंट देऊन त्यात तुळस किंवा कढीपत्ता लावता येईल.

प्रश्न: मिठाईच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांचे काय करावे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर: तुपाचे डाग पडलेले खोके ठेवू नयेत, त्यांना मुंग्या लागतात आणि डागावर कोणताही कागद चिकटत नाही. कोऱ्या खोक्यांना वाढदिवसाच्या भेटींचा उरलेला रंगीत कागद लावून त्यात राख्या, पणत्या आणि रांगोळीचे छाप पुढच्या वर्षीसाठी ठेवावेत, आणि आत काय आहे ते झाकणावर नव्हे, तर समोरच्या कडेवर लिहावे, म्हणजे एकावर एक रचलेले खोके न उतरवता वाचता येते.