फिंगर जॉइंटचा जिग : शेवटची बोटं का बसत नाहीत?

प्रश्न : सर, आमचे घरचेच यंत्रमाग आहेत. टॉवेल आणि चादरींचे नमुने व्यापाऱ्यांकडे न्यायला पुठ्ठ्याची खोकी वापरतो, ती टिकत नाहीत. म्हणून सागवानी पेट्या स्वतःच करायचं ठरवलं, कोपरे फिंगर जॉइंटचे, म्हणजे एका फळीची बोटं दुसरीच्या खाचांत बसतील असे. ट्रिमर (लाकडात खाच पाडणारं हातातलं छोटं यंत्र) आहे, तो टेबलाखाली उलटा बसवलाय. पाव इंची स्ट्रेट बिट (त्यात बसणारं सरळ धारेचं पातं) आहे. प्लायचा जिग (खाचा सारख्या अंतरावर पाडायचं साधन) केला आणि आधीची खाच अडकवायला खुंटी म्हणून ६ मिमी प्लायची पट्टी लावली. फळ्या १२ मिमी जाड, चार इंच रुंद. पहिली दोन-तीन बोटं छान बसतात, पुढची सरकत जातात आणि शेवटची तर एकमेकांवर चढतात. पुन्हा मोजून केलं तरी तेच. काय चुकतंय? तयार जिग विकत आणावा का?
— एक वाचक, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : विकत आणू नका. तुमचा जिग जवळजवळ बरोबर आहे, बिघाड एकट्या खुंटीत आहे.

पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी. तुमची खुंटी ६ मिमीची. म्हणजे खाच खुंटीवर बसवली की ०.३५ मिमी इकडे-तिकडे हलायला जागा राहते. एका खाचेपुरतं हे डोळ्यांना दिसतही नाही. पण प्रत्येक पुढची खाच आधीच्या खाचेवरून ठरते. चार इंची फळीत आठ खाचा येतात, त्यातल्या सात खुंटीवर मोजल्या जातात. एक फळी कापताना तुमचा हात डावीकडे दाबत राहिला आणि दुसरी कापताना उजवीकडे, तर सात वेळा ०.३५ म्हणजे २.४५ मिमीचा फरक साचतो. बोटाची रुंदीच ६.३५, मग शेवटची बोटं चढणारच. पुन्हा मोजून हे सुटणार नाही, कारण तुमच्या मोजण्यात चूक नाहीच.

आता खुंटी नवी करू. ती ६.३५ मिमीचीही करू नका. बिटच्या पाकिटावरचा आकडा आणि तुमच्या ट्रिमरने पाडलेली खाच यांत थोडा फरक असू शकतो. कॉलेटमध्ये (ट्रिमरच्या बिट धरणाऱ्या पकडीत) बिट किंचित डगडगत फिरत असेल, तर खाच रुंद होते. म्हणून आधी टाकाऊ फळीत एक खाच पाडा आणि त्या खाचेला बसेल अशी खुंटी घडवा. कठीण लाकडाची पट्टी थोडी जाड ठेवून कापायची, मग सपाट काचेवर पॉलिशपेपर ठेवून त्यावर घासत आणायची. चार-सहा हात मारले की खाचेत बसवून बघायची. अंगठ्याच्या दाबाने आत गेली पाहिजे आणि फळी उलटी धरली तरी पडता कामा नये. आत गेल्यावर आडवी हलत असेल तर ती पट्टी सोडून द्या, दुसरी घ्या. या कामाला लागेल तेवढा वेळ द्या. बाकीचा जिग तासाभरात होतो.

खुंटीसाठी लाकूड तुमच्या घरातच असेल. मागाचा जुना, मोडीत काढलेला धोटा शोधा. धोट्याचं लाकूड घट्ट आणि गुळगुळीत असतं, झिजायला तयार नसतं. टोकाचं लोखंड काढून तिथल्या भरीव भागातून बोटभर लांबीची पट्टी सहज निघेल. सोलापुरात अनेक घरांच्या माळ्यावर असे धोटे पडून आहेत, त्यांचा असा उपयोग झाला तर मला मनापासून आनंद होईल. धोटा नसेल तर शिसम किंवा वाळलेली बाभूळ चालेल. प्लाय मात्र नको, त्याचे थर कडेला झिजतात आणि खुंटी पुन्हा ढिली होते.

दुसरं महत्त्वाचं माप म्हणजे बिट आणि खुंटी यांच्यामधलं अंतर. तेवढीच तुमच्या बोटाची रुंदी. हे पट्टीने मोजू नका. खुंटी करताना त्याच पट्टीचा दुसरा तुकडा कापून ठेवा आणि तो बिट व खुंटीच्या मध्ये धरून अंतर बसवा. बिट हाताने फिरवून त्याची धार खुंटीच्या सर्वांत जवळ आणायला विसरू नका, नाहीतर अंतर कमी बसेल. अर्थात, ट्रिमरचा प्लग काढूनच.

हे अंतर नंतर थोडं-थोडं बदलता आलं पाहिजे, म्हणून खुंटी जिगच्या मुख्य उभ्या फळीत ठोकू नका. मुख्य फळी सरकत्या पाटाला (टेबलावर सरकणाऱ्या जिगच्या तळाला) पक्की करा आणि तिच्या पुढे १२ मिमीची दुसरी फळी लावा. या पुढच्या फळीत बोल्टसाठी दोन लांबट भोकं ठेवली की ती आडवी सरकते. खुंटी या फळीच्या तळाशी बसवा. फळीच्या टोकाला एम-६ चा स्क्रू टेकवून ठेवलात तर फार सोय होते. त्याचा आटा १ मिमीचा, म्हणजे पाव फेऱ्याला फळी पाव मिलिमीटर सरकते. ही पुढची फळी बिटच्या मागे आधार म्हणूनही काम करते, त्यामुळे खाचेतून बाहेर पडताना लाकडाच्या चिरफाळ्या उडत नाहीत. खाचेचं तोंड झिजून मोठं झालं की फळी बदला.

चाचणी टाकाऊ तुकड्यांवर घ्या. सांधा फार घट्ट झाला तर बोट जाड आहे, म्हणून खुंटी बिटच्या जवळ आणा. ढिला झाला तर लांब न्या. जेवढा फरक व्हर्नियरने मोजाल तेवढंच सरकवा. हाताने अर्धा बसावा आणि लाकडी हातोडीच्या हलक्या ठोक्याने पूर्ण, असा सांधा मला आवडतो. याहून घट्ट ठेवला तर फेविकॉलमधल्या पाण्याने लाकूड फुगतं आणि अर्ध्यात अडकतं.

कापायचा क्रमही सांगतो, कारण तिथेही गडबड होते. चारही फळ्यांच्या खालच्या कडेवर पेन्सिलीने खूण करा. पहिल्या फळीची खुणेची कड खुंटीला टेकवून पहिली खाच पाडा. मग ती खाच खुंटीवर बसवून दुसरी, असं पुढे. जोडीच्या फळीची सुरुवात बोटाने नाही, खाचेने व्हायला हवी. त्यासाठी पहिल्या फळीची पहिली खाच खुंटीवर बसवा, पण फळी अशी फिरवून धरा की तिचं पहिलं बोट खुंटी आणि बिट यांच्यामधली जागा भरेल. त्या बोटाला दुसरी फळी खेटून उभी करा आणि कापा. कोपरा निघाला की पहिली फळी बाजूला ठेवा आणि पुढच्या खाचा नेहमीसारख्या पाडा. दुसऱ्या टोकालाही सुरुवात खुणेच्या कडेपासूनच.

बिटची उंची फळीच्या जाडीपेक्षा किंचित जास्त ठेवा, पण हा फरक अर्ध्या मिलिमीटरहून कमी असू द्या. बोटं किंचित बाहेर येतील, ती नंतर रंध्याने किंवा पॉलिशपेपरने सपाट करता येतात. आत राहिली तर सगळी फळी घासावी लागते. सागवानात पाव इंची बिटने १२ मिमी खोल एकदम जाऊ नका, बिट मोडतो किंवा जळतो. आधी सगळ्या फळ्या ६ मिमी खोल, मग उंची वाढवून पूर्ण. म्हणून खुंटीची उंची ५ मिमीच ठेवा, म्हणजे पहिल्या फेरीतही फळी तिच्यावर नीट टेकेल.

तुमच्या चार इंची फळीत बोटं आणि खाचा मिळून सोळा भाग नेमके बसतात, पण एका कडेला बोट आणि दुसऱ्या कडेला खाच असं होतं. दोन्ही कडांना बोटंच हवी असतील तर रुंदी विषम पटीत घ्या, पंधरा भागांना ९५.२५ मिमी. फळी थोडी रुंद ठेवून सांधा पाडल्यावर वरची कड कापली तरी चालेल.

आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या हवेत दोन गोष्टी जपा. बोटं पाडलेल्या फळ्या तशाच ठेवू नका, कोरड्या हवेत फळी वाकते आणि काल बसणारा सांधा आज बसत नाही. त्याच दिवशी जोडा. आणि फेविकॉल लवकर सुकतो, म्हणून सकाळच्या गारव्यात, लहान ब्रशने, आधी क्लॅम्प जवळ मांडून ठेवून मगच सुरुवात करा. एकदा जोडल्यावर ऋतूंची फारशी काळजी नको. दोन्ही फळ्यांची रेघ (लाकडाचे तंतू) लांबीच्या दिशेने असल्यामुळे त्या रुंदीला जवळपास सारख्याच आकसतात आणि फुगतात.

प्रश्न : राउटर टेबल (खाली ट्रिमर उलटा बसवलेलं टेबल) नाही. नुसत्या हातातल्या ट्रिमरने अशी बोटं पाडता येतील का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : साचा वापरून येतात, पण साचा बनवायला टेबलाहून जास्त कष्ट पडतात. त्यापेक्षा टेबलच करा. १८ मिमी प्लायचा तुकडा घ्या, मध्ये चौकोन कापा आणि त्यात ६ मिमीची हायलमची (कडक, गुळगुळीत लॅमिनेटची) प्लेट वरच्या पातळीला बरोबर बसवा. ट्रिमरच्या तळाची प्लेट काढून तिच्याच भोकांवरून हायलमवर खुणा करा आणि स्क्रूची डोकी पृष्ठभागाच्या आत बुडवा. प्लाय थेट वापरला तर जाडीतच बिटची उंची संपते. हा तुकडा कुठल्याही भक्कम टेबलाला क्लॅम्पने धरता येतो.

दोन गोष्टींत तडजोड करू नका. टेबलाखालच्या ट्रिमरचं बटण चटकन सापडत नाही, म्हणून हाताशी स्विच असलेला एक्स्टेंशन बोर्ड घ्या. आणि जिगच्या उभ्या फळीमागे, जिथून बिट बाहेर येतो नेमक्या त्याच जागी, दोन-अडीच इंच जाडीचा ठोकळा चिकटवा. पाट ढकलताना हात त्याच बाजूला असतात, त्यामुळे कापून झाल्यावर बिट त्या ठोकळ्यातच लपला पाहिजे. ठोकळ्याच्या बाहेर बिट येऊ नये म्हणून पाटाला पुढे अडवणारी एक पट्टीही टेबलावर लावा.