ऊसतोडीहून परत आलोय. पाच महिने गोठ्यात उभी असलेली मोटरसायकल कशी चालू करू?

किक मारायच्या आधी एअर फिल्टर उघडून बघा. आमच्या बीडकडं गोठ्यातल्या गाडीत उंदीर हमखास घर करतात. माझ्या फिल्टरमधून मूठभर सरकी अन् कुरतडलेला फोम निघाला होता. वायरीही तपासा.

मग जुनं पेट्रोल. त्यात इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढतं. टाकी रिकामी करून ताजं भरा. कार्ब्युरेटरवाली (पेट्रोल अन् हवा मिसळणारा भाग असलेली) गाडी असेल तर त्याच्या तळाचा स्क्रू सैल करून साचलेलं काढून टाका. बीएस-6 (2020 पासूनच्या प्रदूषण नियमाच्या) गाडीला बहुतेक फ्युएल इंजेक्शन (पेट्रोल फवारणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) असतं, तिथं मिस्त्रीच बरा. बॅटरी 12.4 व्होल्टच्या खाली गेली असेल तर चार्जिंगला द्या.

हवा, चेनला ऑइल, ब्रेक हे तर आलंच. चालू झाल्या झाल्या रेस पिळू नका.