वॉरंट असताना वैद्यकीय तपासणी नाकारता येते का?

प्रश्न : माझा मुलगा एडिनबरोत शिकतो. अमली पदार्थ शरीरात लपवल्याच्या संशयावरून पोलिसांनी वॉरंट आणले आणि डॉक्टरांकडून शरीराच्या आतील तपासणी करायचे ठरवले, तर नकार देणे तेथे गुन्हा ठरतो का? – एक वाचक, पुणे

उत्तर : स्कॉटलंडमध्ये शेरीफ हा पोलीस अधिकारी नसून न्यायाधीश असतो, हे आधी लक्षात घ्यावे. बोटांचे ठसे किंवा तोंडातील लाळेचा नमुना अटकेतील व्यक्तीकडून घेण्याचा आणि त्यासाठी वाजवी बळ वापरण्याचा अधिकार 1995 च्या फौजदारी प्रक्रिया कायद्याने पोलिसांना दिला आहे. रक्त काढणे किंवा शरीराच्या आत तपासणी करणे मात्र त्यापलीकडचे असल्याने प्रोक्युरेटर फिस्कल, म्हणजे सरकारी अभियोक्ता, शेरीफकडे अर्ज करतो आणि शेरीफ तपासाची गरज व शरीराची अप्रतिष्ठा यांची तुलना करून निर्णय देतो. 1967 मध्ये स्कॉटलंडमधील ‘बिगर’ (Biggar) नावाच्या गावातील एका मुलीच्या खुनात, मृतदेहावरील चाव्याच्या खुणेशी ताडण्यासाठी, अटक न झालेल्या संशयिताच्या दातांचे ठसे अशाच वॉरंटने घेण्यात आले होते आणि पुढच्याच वर्षी हायकोर्टाने ते वैध ठरवले.

वॉरंट मिळाले की तपासणी कायदेशीर होते. त्यामुळे केवळ "माझी संमती नाही" म्हटल्याने ती बेकायदा ठरत नाही. पोलिसांना प्रतिकार किंवा अडथळा करणे हा 2012 च्या पोलीस कायद्याच्या कलम 90 खाली स्वतंत्र गुन्हा आहे, म्हणून झटापट कधीही करू नये. तथापि वॉरंट म्हणजे रुग्णाची संमती नव्हे, आणि माझ्या मते प्रश्नाचा खरा गाभा येथेच आहे : ब्रिटिश मेडिकल असोसिएशनचे मार्गदर्शन डॉक्टरांना अशा तपासणीआधी त्या व्यक्तीची संमती घेण्यास सांगते. नकार शांतपणे, स्पष्ट शब्दांत डॉक्टरांनाच सांगावा.

इंग्लंडच्या 1984 च्या कायद्यानुसार सबळ कारणाशिवाय दिलेल्या नकारावरून न्यायालय काही गुन्ह्यांत प्रतिकूल निष्कर्ष काढू शकते. पण तो कायदा स्कॉटलंडला लागू नाही, त्यामुळे त्यावर बेतलेला सल्ला मुलाने स्वीकारू नये. पोलीस कोठडीत वकिलाला भेटण्याचा हक्क त्याला आहे. वॉरंटमध्ये नेमकी कोणती तपासणी लिहिली आहे, हे वकिलाने वाचेपर्यंत थांबण्याची विनंती त्याने अवश्य करावी.