एका बाजूला चेहरा, दुसऱ्या बाजूला खड्डा

प्रश्न : आजोबा नोकरीनिमित्त कोइमतूरला होते. तिथल्या सराफाकडून त्यांनी घेतलेलं चांदीचं रोमन नाणं आमच्याकडे होतं. एका बाजूला राजाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला तोच चेहरा उलटा आणि आत दबलेला. एका नाणी-व्यापाऱ्याने फोटो पाहून व्हॉट्सअॅपवर कळवलं, ‘बिघडलेली नक्कल आहे, चांदीपेक्षा जास्त देतो.’ मी दोन हजारांना दिलं. चारच दिवसांत त्याने ‘टायबेरियसचं दुर्मिळ ब्रॉकेज’ म्हणून पन्नासपट भावाने विक्रीला लावलं. व्यवहार मोडता येईल? – एक वाचक, सांगली

उत्तर : आधी नाण्याबद्दल, कारण दावा त्यावरच उभा आहे. रोमन टांकसाळीत खालचा ठसा ऐरणीत पक्का बसवलेला असे, वरचा सुटा. मधे चकती ठेवून घण मारायचा. कधी पाडलेलं नाणं वरच्या ठशालाच चिकटून राही आणि कारागिराच्या ते लक्षात येत नसे. पुढच्या चकतीवर मग खालून नेहमीसारखा उठावाचा चेहरा येई, तर वरून चिकटलेल्या नाण्यावरचा चेहरा आरशातल्यासारखा उलटा आणि खोलगट उमटे. हेच ब्रॉकेज. ती नकलेची खूण नव्हे. संग्राहक त्यासाठी उलट जास्त पैसे मोजतात. (रोमन सम्राट टायबेरियसची डेनारियस, म्हणजे चांदीची नाणी, कोइमतूरच्या पट्ट्यात पुष्कळ सापडली आहेत, तेव्हा आजोबांची हकिगत पटण्यासारखी आहे.)

आता कायदा. ‘मला किंमत कळली नाही’ एवढ्यावर व्यवहार मोडत नाही. किमतीबद्दलचा चुकीचा अंदाज ही वस्तुस्थितीची चूक नव्हे, असं करार कायदा, १८७२ च्या कलम २० चं स्पष्टीकरणच सांगतं. व्यापारी नुसता गप्प बसला असता, तरी मी तुम्हाला नाणं विसरा म्हणालो असतो. पण तो गप्प बसला नाही, ‘नक्कल’ म्हणाला. खोटं आहे हे माहीत असून खरं म्हणून सांगितलं, तर कलम १७ प्रमाणे ती लबाडी ठरते आणि कलम १९ खाली करार रद्द करण्याचा पर्याय तुमच्याकडे येतो.

त्याचा वकील विचारेल, ‘दुसरीकडे का दाखवलं नाही?’ विचारू दे. चौकशी करून खरं कळलं असतं, हा कलम १९ मधला अपवाद जाणूनबुजून सांगितलेल्या खोट्याला लागू होत नाही. त्याला तेव्हाच खरं माहीत होतं, हे मात्र तुम्हाला दाखवावं लागेल. चार दिवसांनंतरची जाहिरात त्या कामी येईल. तिचे तारखेसह स्क्रीनशॉट घ्या, मेसेज पुसू नका, फोन बदलू नका. कोर्टात या इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागेल.

दाव्याची मुदत तीन वर्षांची आहे, पण तुमच्याकडे तीन दिवसही नाहीत असं समजा. तुम्ही करार रद्द करण्याआधी कुणी प्रामाणिकपणे ते नाणं विकत घेतलं, तर मालविक्री कायद्याच्या कलम २९ प्रमाणे ते त्याचं झालं. म्हणून आजच वकिलामार्फत नोटीस धाडा : करार रद्द, दोन हजार परत करायला तयार, नाणं विकू नये. पुरावस्तूंच्या व्यापाराचा परवाना आहे का, हेही त्यातच विचारा. या एका ओळीने पुष्कळ मंडळी नरम पडतात. नोटीस मानली नाही, तर दावा आणि सोबत मनाईहुकुमाचा अर्ज. फसवणुकीची फौजदारी तक्रार हाताशी आहेच, पण ती मी मागे ठेवेन. मुद्देमाल म्हणून जप्त झालेलं नाणं लवकर घरी येत नाही.

आणि परत मिळालंच, तर ते परदेशी लिलावाला पाठवू नका. शंभर वर्षांवरचं नाणं, मग ते रोमचं का असेना, १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं. खाजगी व्यक्तीने ते देशाबाहेर पाठवलं, तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि वर दंड आहे.