कुत्र्याचं गावठी पिल्लू आणलंस? खर्चाचं असं बघ

पैशांची ओढाताण आहे म्हणून पिल्लू परत सोडायचा विचार करू नकोस. गावठी जात काटक असते, निभेल. काटकसर कुठेही कर, फक्त लसीत नको. पार्व्हो, म्हणजे उलट्या-जुलाबांचा जीवघेणा आजार, झाला की सलाईनवरच लसीच्या कितीतरी पट पैसे जातात, आणि पिल्लू वाचेलच असं नाही. दीड-दोन महिन्यांचं झालं की पार्व्हो आणि डिस्टेंपर (हाही तसाच जीवघेणा संसर्ग) यांची लस सुरू कर, तीन महिन्यांचं झालं की रेबीजची. आधी जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी कर. मुंबईत असशील तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहेच.

पाकिटातलं महागडं खाणं लागतंच असं नाही. चिकनवाल्याकडे काळीज-पेटे स्वस्तात मिळतात. भातात बिनमिठाचे शिजवून दे, अधूनमधून उकडलेलं अंडं. हाडं मात्र शिजवून घालू नकोस, ती टोकदार फुटून आतड्यात रुततात. उरलेला रस्साही नको, कांदा-लसूण त्यांना बाधतो. नुसत्या दूध-पोळीवर तर मुळीच वाढवू नकोस. घरच्या खाण्यात कॅल्शियम कमी पडतं, त्याचं डॉक्टरांना विचार.

गोचिड्या रोज कानामागे, बोटांच्या बेचक्यात बघ. आणि ताप आला तरी घरातली ब्रुफेन देऊ नकोस, जिवावर बेतेल.