वाचकांचे प्रश्न: विषाणू सापडला, पण दोषी तोच का?

प्रश्न: मी खानापूर तालुक्यातली. बेळगावात सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. हर्पीस गटातले विषाणू आणि त्यांच्याशी संबंधित रक्ताचे कर्करोग यांवर संशोधन करायचं मनात आहे. घरचे विचारतात, यात पुढं काय आहे? या कामात रोज नेमकं काय करावं लागतं आणि आतापासून काय शिकावं?
(विद्यार्थिनी, खानापूर)

उत्तर: माणसाला होणारे हर्पीस विषाणू आठ, सहाव्याचे दोन प्रकार वेगळे धरले तर नऊ. रक्ताच्या कर्करोगाच्या दृष्टीनं त्यातले दोन महत्त्वाचे: एपस्टाइन-बार, म्हणजे ईबीव्ही, आणि १९९४ मध्ये युआन चँग व पॅट्रिक मूर यांनी शोधलेला केएसएचव्ही, म्हणजे कापोसी सार्कोमाशी संबंधित हर्पीस विषाणू. एचटीएलव्ही-१ सुद्धा ल्युकेमिया करतो, पण तो रेट्रोव्हायरस, म्हणजे वेगळ्याच कुळातला. मुलाखतीत त्याला हर्पीसच्या रांगेत बसवलंत तर पुढचे प्रश्न अवघड जातील.

ईबीव्ही दहातल्या नऊहून अधिक प्रौढांच्या शरीरात आयुष्यभर मुक्कामाला असतो. त्यातल्या फार थोड्यांना कर्करोग होतो. म्हणजे विषाणू शोधणं सोपं, तो दोषी आहे हे दाखवणं अवघड. या क्षेत्रातली सगळी हयात या दुसऱ्या कामात जाते.

इतिहासच बघा. युगांडातल्या मुलांच्या जबड्यात होणाऱ्या गाठींचं वर्णन डेनिस बर्किट यांनी १९५८ मध्ये छापलं. १९६१ मध्ये लंडनला त्यांचं व्याख्यान ऐकून अँथनी एपस्टाइन यांनी त्या गाठींचे नमुने मागवायला सुरुवात केली. पुढं दोनेक वर्षं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली काहीच दिसेना. कारण नंतर कळलं: शरीरातल्या गाठीत हा विषाणू सहसा कण तयारच करत नाही. पेशीत त्याचा डीएनए असतो आणि मोजकी जनुकं चालू असतात. डिसेंबर १९६३ मध्ये कंपालाहून निघालेला एक नमुना धुक्यामुळं विमान मँचेस्टरला वळल्यानं उशिरा पोचला. द्रव गढूळ झालेला. जिवाणू वाढलेत असं समजून कुणीही तो ओतून दिला असता. एक थेंब काचपट्टीवर घेतला तर त्यात गाठीच्या सुट्ट्या, जिवंत पेशी तरंगताना दिसल्या. मग पेशी तशाच तरंगत वाढवल्या, आणि १९६४ मध्ये एपस्टाइन, बर्ट अचाँग व इव्हॉन बार यांना त्यांत विषाणूचे कण दिसले. पुढं फिलाडेल्फियात हेन्ले दांपत्याच्या प्रयोगशाळेतल्या एका तंत्रज्ञ मुलीला ग्रंथिज्वर, म्हणजे मोनोन्यूक्लिओसिस झाला. आधी तिच्या रक्तात ईबीव्हीची प्रतिपिंडं नव्हती, नंतर दिसली. त्या ज्वराचं कारण असं हाती लागलं. १९७० मध्ये हॅराल्ड झुर हाउझेन यांनी बर्किटच्या गाठीत विषाणूचा डीएनए दाखवला. तरीही आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं त्याला पहिल्या गटातला, म्हणजे खात्रीचा, कर्ककारक ठरवायला १९९७ उजाडलं. घरच्यांना हा हिशेब सांगा; इथं घाईचं काम नाही.

आता रोजचं काम. बहुतेक प्रयोगशाळांत पहिला धडा असतो बी-पेशींची (रक्तातल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींची) अमर वाण, म्हणजे न थांबता वाढत राहणाऱ्या पेशींची पिढी, तयार करण्याचा. हेपरिनच्या नळीत दात्याचं साधारण १० मिली रक्त घ्यायचं, तेवढ्याच बफरनं (क्षारांच्या द्रावणानं) पातळ करून फायकॉल या जड द्रवावर अलगद सोडायचं. सेंट्रीफ्यूजमध्ये ४०० जी बलानं ३० मिनिटं, खोलीच्या तापमानाला, ब्रेक बंद ठेवून फिरवायचं. ब्रेक चालू राहिला तर थर ढवळतात. मधला पांढुरका थर, म्हणजे पांढऱ्या पेशी, उचलून दोनदा धुवायचा. पेशी मिलीमागं १० ते २० लाख ठेवून आरपीएमआय-१६४० या पोषक माध्यमात १० ते २० टक्के फीटल बोवाइन सीरम घालायचं, वर बी९५-८ या माकडाच्या पेशींच्या वाणातला, ईबीव्ही असलेला गाळीव द्रव. सोबत मिलीमागं १ मायक्रोग्रॅम सायक्लोस्पोरिन, टी-पेशींना दाबणारं औषध. ते विसरलात तर दात्याच्या रक्तातल्या टी-पेशी ईबीव्ही ओळखतात आणि तुमच्या बी-पेशी मारून टाकतात. नवख्यांचं बहुतेक अपयश इथलंच. ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास पेशींचे घोस दिसू लागतात, चार ते सहा आठवड्यांत वाण हाती येते. माध्यम लवकर पिवळं पडलं तर गर्दी किंवा जिवाणू. आणि पेशी नुसत्याच मंदावल्या, माध्यम मात्र स्वच्छ, तर मायकोप्लाझ्मा हा अगदी बारीक जिवाणू तपासा. तो डोळ्यांना दिसत नाही आणि महिन्यांचं काम खोटं ठरवतो.

एक नियम कुणी सांगितला नाही तरी पाळा: स्वतःच्या रक्ताची वाण स्वतः करायची नाही. सुई टोचून दुसऱ्याच्या पेशी अंगात गेल्या तर तुमचं शरीर त्यांना परकं समजून मारतं. तुमच्याच पेशी परत गेल्या तर त्यांना अडवणारं तितकं कुणी नसतं.

रस्ता असा: एम.एस्सी.नंतर सीएसआयआर-नेट परीक्षेतून मिळणारी जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती. २०२३ पासून तिची रक्कम पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढं ४२,००० रुपये, घरभाडं वेगळं. संशोधन संस्था अशा: कर्करोगासाठी खारघरचं अॅक्ट्रेक, पेशीविज्ञानासाठी पुण्याचं एनसीसीएस, विषाणूंसाठी पुण्याचीच एनआयव्ही. बेळगावात नेहरूनगरला आयसीएमआरची संस्था आहे, पण तिचा मुख्य विषय पारंपरिक औषधी. संस्थेच्या नावावर जाऊ नका. ज्या मार्गदर्शकाकडं जाणार त्यांचे गेल्या पाच वर्षांतले शोधनिबंध वाचा. रुग्णांशी थेट संबंध हवा असेल तर एमबीबीएसनंतर एम.डी. पॅथॉलॉजी ही वाट जास्त सरळ, पण ती तुमच्यामागं गेली.

प्रबंधिकेसाठी बेळगावातच एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या पॅथॉलॉजी विभागात विचारा. गाठींचे तुकडे बसवलेले जुने मेणाचे ठोकळे तिथं जपलेले असतात. नीतिसमितीची परवानगी आधी, ठोकळ्याला हात नंतर. नवं रक्त घेणार असाल तर संमतीपत्र कन्नड आणि मराठी दोन्हींत लागेल. खानापूरच्या मुलीला दोन्ही भाषा येत असतील तर रुग्णाच्या खाटेशेजारी तिची गरज मोठी आहे. बाकी आतापासून क्यूपीसीआर (डीएनए मोजण्याची पद्धत) आणि संख्याशास्त्र शिकून घ्या.

प्रश्न: माझ्या भावाचा नऊ वर्षांचा मुलगा. मानेतल्या गाठीचा तुकडा काढला, हॉजकिन लिम्फोमा निघाला. रिपोर्टवर ईबीईआर पॉझिटिव्ह लिहिलंय. घरातल्या सगळ्यांची ईबीव्ही तपासणी केली तर सगळेच पॉझिटिव्ह! मुलाचं ताट वेगळं काढायचं का? व्हायरसचं औषध सुरू करायचं का?
(वाचक, निपाणी)

उत्तर: ताट वेगळं काढू नका. घरातल्यांचं ‘पॉझिटिव्ह’ बहुधा आयजीजी या प्रतिपिंडाचं असेल, म्हणजे कधीतरी लागण होऊन गेली. रिपोर्टवर व्हीसीए आयजीएम (ताज्या लागणीची खूण) निगेटिव्ह आणि ईबीएनए आयजीजी (जुन्या लागणीची खूण) पॉझिटिव्ह असेल तर ती जुनीच. विषाणू लाळेतून पसरतो, पण कर्करोग पसरत नाही. घरभर तपासणीचा खर्च टाळता आला असता.

ईबीईआर ही चाचणी वेगळी. ती गाठीच्या पेशींतला विषाणूचा आरएनए दाखवते. हॉजकिनमध्ये बघायचं ते हे, की रंग मोठ्या रीड-स्टर्नबर्ग पेशींना (म्हणजे कर्करोगाच्या पेशींना) आलाय की आजूबाजूच्या एखाददुसऱ्या लहान लिम्फोसाइटला. दुसरा प्रकार निरोगी माणसातही सापडतो. भारतातल्या लहान मुलांच्या हॉजकिनमध्ये ईबीव्ही पाश्चात्त्य देशांपेक्षा बराच जास्त आढळतो, त्यामुळं रिपोर्टनं घाबरून जाऊ नका. केमोथेरपीचा बेत त्यानं सहसा बदलत नाही.

असायक्लोव्हिर या हर्पीसविरोधी औषधाचा इथं उपयोग नाही. विषाणू नवे कण बनवत असताना ते त्याला अडवतं; गाठीत तो निजलेला असतो.

मुंबईला टाटा किंवा बेंगळूरला किडवाई या कर्करोग रुग्णालयात दुसरं मत घ्यायचं तर रंगवलेल्या काचपट्ट्यांबरोबर मेणाचा ठोकळाही मागून घ्या, आणि उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. पुढं कुणाची गाठ काढायची वेळ आली तर डॉक्टरांना विचारा: गाठ कापून १० टक्के बफर्ड फॉर्मलिनमध्ये, गाठीच्या दहापट द्रवात, साधारण ६ ते ४८ तास राहिली ना? छोट्या दवाखान्यांत अख्खी गाठ अरुंद तोंडाच्या बाटलीत, बोटभर द्रवात पाठवतात. मधला भाग कुजतो, आरएनए जातो आणि ईबीईआर खोटी निगेटिव्ह येते. म्हणून निगेटिव्ह रिपोर्टवर कंट्रोल प्रोब (नमुन्यातला आरएनए शाबूत आहे का हे दाखवणारी सोबतची चाचणी) रंगला होता का, ते विचारणं हक्काचं.

प्रश्न: आईला कमरेला नागीण उठलीय. शेजारी सर्पसुत्तु म्हणतात, काव लावा म्हणतात, दोन टोकं भेटली तर माणूस जातो म्हणतात. नागीणही हर्पीसच. पुढं रक्ताचा कॅन्सर होतो का?
(वाचक, चिकोडी)

उत्तर: नाही. नागीण कांजिण्यांच्या विषाणूची. तो मज्जातंतूंत लपतो आणि रक्ताचा कर्करोग करत नाही. उलट मात्र घडतं: ल्युकेमिया, लिम्फोमा किंवा केमोमुळं प्रतिकारशक्ती खालावली की नागीण उठते. एका मज्जातंतूच्या पट्ट्यात असल्यानं ती एकाच बाजूला थांबते. टोकं भेटण्याची भीती निराधार, पण फोड दोन्ही बाजूंना किंवा अंगभर विखुरले तर डॉक्टरांनी प्रतिकारशक्ती तपासायला हवी.

काव लावू नका. खाली फोड चिघळले तरी दिसत नाहीत. असायक्लोव्हिर ८०० मिग्रॅ दिवसातून पाच वेळा, सात दिवस, आणि पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केलेलं बरं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्रा डॉक्टर कमी करतात. कपाळ किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर गाठा.

प्रश्न: या विषाणूंवर लस आहे का?
(वाचक, अथणी)

उत्तर: ईबीव्हीवर मान्यता मिळालेली लस अजून नाही. नागिणीवर आहे; पन्नाशीपुढं दोन डोस, दोन ते सहा महिन्यांच्या अंतरानं. तिच्यात जिवंत विषाणू नसतो. केमो सुरू होणार असेल आणि हातात थोडा वेळ असेल तर आधीच घ्यावी. कांजिण्यांची लस मात्र जिवंत विषाणूची. केमो चालू असताना ती देत नाहीत.