चढणं जमतं, उतरणं जमत नाही

माझं समुपदेशनाचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. म्हणून कड्यावरून पडून टाच मोडलेल्या त्या तरुणाला फोनवरच सांगितलं होतं, पहिली काही सत्रं व्हिडिओ कॉलवर करू. त्यानं ऐकलं नाही. ठरलेल्या वेळी जिन्यात काठीचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. दारात उभा राहिला तेव्हा कपाळावर घाम होता.

"चढायचं काही नाही मॅडम," तो म्हणाला, "उतरायचंच टेन्शन आहे."

(ओळखीच्या खुणा बदलून आणि त्याच्या संमतीनंच हे लिहिते आहे. पायाच्या, गुडघ्याच्या मोठ्या दुखापतीतून उठणारी डोंगरातली मुलं-मुली मला एकच प्रश्न विचारतात, "हाड जुळलं, पण मी परत कड्यावर जाऊ शकेन का?" त्या सगळ्यांसाठी.)

वय ३४, प्रस्तरारोहण ११ वर्षं. जानेवारीतल्या एका रविवारी लोणावळ्याच्या बाजूच्या कातळावर, अनेकदा चढलेल्या मार्गावर तो लीड करत होता, म्हणजे दोर सोबत घेऊन सगळ्यात पुढे चढत होता. कातळात ठोकलेल्या पहिल्या बोल्टमध्ये दोर अडकवून झाला होता, दुसऱ्यात अडकवायच्या आधी पाय सटकला. आपला सह्याद्री म्हणजे लाव्हाच्या थरांवर थर, त्यामुळे कड्यांना जागोजागी आडव्या पायऱ्या असतात. दोर ताणला जायच्या आत तो तशाच एका पायरीवर डाव्या टाचेवर आदळला. टाचेच्या हाडाचे तुकडे झाले. अशा पडण्यात धक्का वरपर्यंत जातो, म्हणून डॉक्टरांनी पाठीचा कणाही तपासून घेतला. तो सुदैवानं ठीक होता. सूज इतकी होती की ऑपरेशनला १२ दिवस थांबावं लागलं. "रोज सकाळी डॉक्टर माझ्या कातडीवर सुरकुत्या दिसतायत का ते बघायचे," तो सांगत होता. सुरकुत्या दिसल्या म्हणजे सूज उतरली. मग प्लेट, स्क्रू आणि १० आठवडे त्या पायावर अजिबात भार नाही.

माझ्याकडे आला तो मे महिन्यात. एक्स-रे चांगला होता. झोप मात्र नव्हती. डोळा लागला की टाच आदळल्याचा आवाज यायचा. महिना उलटूनही अशी स्वप्नं, दचकणं, त्या जागेचं नावही टाळणं चालू राहिलं तर नुसत्या समुपदेशनावर थांबू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याला मी आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांचे उपचार आणि आमची सत्रं बरोबरीनं चालली.

दुसऱ्या सत्राला तो प्लॅस्टिकच्या पिशवीतून क्लाइंबिंगचे बूट घेऊन आला. मी आणायला सांगितले नव्हते. डावा बूट त्यानं माझ्यासमोर घालून बघितला. बोटं गेली, टाच गेली नाही. असं हाड जुळतं तेव्हा पुष्कळदा टाच थोडी रुंद होते. त्यानं बूट हातात धरला, टाचेकडच्या रबरावरचा चॉकचा पांढरा डाग अंगठ्यानं पुसत राहिला, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा रडला.

त्या दिवशी मी काहीही समजावलं नाही. समजावणारे त्याला भरपूर भेटले होते. नातेवाईक रोज अरुणिमा सिन्हांची गोष्ट पाठवायचे. २०११ मध्ये पाय गेला आणि २०१३ मध्ये त्या एव्हरेस्टवर पोचल्या. मला त्यांच्याविषयी अपार आदर आहे. पण ज्याला अजून बाथरूमच्या उंबऱ्याची भीती वाटते, त्याच्या हातात एव्हरेस्ट देऊ नये. त्याला त्यातून एवढंच ऐकू येतं की तू कमी पडतोयस. ज्या पायाच्या भरवशावर ११ वर्षं काढली, तो पाय आता तसा राहिलेला नाही. याचं दुःख आहे आणि ते मोठं आहे. ते करायला जागा हवी.

"मी कधी चढणार?" हा त्याचा प्रश्न प्रत्येक सत्रात यायचा. तारीख मी देऊ शकत नव्हते, आणि ते माझं कामही नव्हतं. पण त्याच्या फिजिओथेरपिस्टनं सांगितलेली एक गोष्ट मी त्याला पुन्हा पुन्हा आठवून द्यायचे. घोट्याच्या खाली एक सांधा असतो. खडबडीत जमिनीवर पाऊल आतबाहेर कलतं ते त्याच्यामुळे. टाच फुटली की हा सांधा आखडतो. त्यामुळे कातळावर बोटांच्या टोकावर उभं राहणं एक वेळ आधी जमेल, दगडगोट्यांची पायवाट उतरणं नंतर. सुधारणा वर्ष-दीड वर्ष, कधी दोन वर्षंही चालू राहते. आपण कमजोर झालोय असं त्याला वाटत होतं, ते या माहितीनं बरंच हललं. त्यानं वही केली. व्यायाम किती, दुखणं दहापैकी किती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टाच काय म्हणते. सकाळी दुखणं वाढलेलं असेल तर कालचं जास्त झालं. फिजिओनं आखून दिलेला एवढाच हिशेब.

खरी गाठ मात्र पायात नव्हती. त्या दिवशी खाली बिले देत होता, म्हणजे याचा दोर खालून सांभाळत होता, तो २२ वर्षांचा मुलगा, यानंच शिकवलेला, याला 'दादा' म्हणणारा. त्याचे फोन हा चार महिने उचलत नव्हता. का, असं विचारलं की विषय बदलायचा. जूनमध्ये एकदा म्हणाला, "मॅडम, मी आदल्या रात्री तीन तास झोपलो होतो. पाय थरथरत होता. त्याच्यासमोर 'आज नको' म्हणायची लाज वाटली."

हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. मी विचारलं, "त्या मुलाला काय वाटत असेल?" तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसला.

फोन त्यानं घरूनच केला, पुढच्या आठवड्यात मला सांगितलं. मुलाचं पहिलं वाक्य होतं, "दादा, माझा दोर ढिला होता का?" त्या मुलानं जानेवारीपासून कातळाला हात लावला नव्हता. यानं त्याला सगळं सांगितलं. झोप, थरथर, लाज. पहिल्या आणि दुसऱ्या बोल्टमध्ये, खाली पायरी असताना, बिले देणारा फारसं काही करू शकत नाही हेही सांगितलं. "तो रडला आणि मग मीच त्याला समजावत बसलो," तो म्हणाला. त्या आठवड्यात तो सलग सहा तास झोपला.

आईंना एका सत्राला बोलावलं. त्या येतानाच म्हणाल्या, "आता पुरे. देवानं पाय वाचवला." दहा आठवडे त्यांनी त्याचं सगळं अंथरुणावर केलं होतं, आणि तुम्ही कशा आहात हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मी विचारलं. बोलता बोलता त्यांची भीती नेमकी झाली. त्या दिवशी त्यांना चार तास काही कळवलंच नव्हतं. परवानगी त्यांनी आजतागायत दिलेली नाही. पण चढायच्या आधी आणि खाली आल्यावर फोन, हे ठरलं, आणि तो ते पाळतो.

पावसाळ्यात कातळ ओला, म्हणून तो कृत्रिम भिंतीवर जायला लागला. आधी नुसता हार्नेस, म्हणजे दोर बांधायचा कमरपट्टा, घालून बसला. त्याला दोराची इंग्रजी आठच्या आकड्यासारखी गाठ मारताना तळव्यांना पाणी सुटायचं; गाठ मारायची, सोडायची, घाम वाळेपर्यंत थांबायचं. मग दुसऱ्यांना बिले. डॉक्टरांनी होकार दिल्यावर डिसेंबरमध्ये वरून दोर लावून एक सोपा मार्ग, एक नंबर मोठ्या बुटांत. खाली उडी अजिबात नाही. लीड त्यानं अजून केलेलं नाही. करायचंय की नाही हे ठरलेलं नाही, आणि ते न ठरलेलं असणं त्याला आता चालतं.

हल्ली महिन्यातून एकदा येतो. सत्र संपलं की मी दार उघडं ठेवून जिन्यातला आवाज ऐकते. पूर्वी प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय यायचे. आता एकाआड एक पडतात, डावा अजून किंचित उशिरा. खाली तो मुलगा गाडी काढून उभा असतो.